घट बसण्याआधी

मायबहिणींनो, आणि ओट्यावर बसून हे पान वाचणाऱ्या कारभारी मंडळींनो, आज तुम्हाला जालना जिल्ह्यातल्या एका वाटेने न्यायचे आहे. वाटेत देवीचे ठाणे लागते, कालवा लागतो, मोसंबीच्या बागा लागतात. पण आपण चाललो आहोत ते गोदावरीच्या काठावर, बायकांचे धुणे बघायला. धुणे काय बघायचे, असे तुम्ही म्हणाल. मीही आधी तसेच म्हटले होते. पण त्या धुण्यापायी एका शाळकरी पोरीची बंद पडू पाहणारी शाळा पुन्हा सुरू झालेली मी पाहिली, म्हणून हे लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद सरत आला होता. पितृपक्षाचे शेवटचे दिवस होते, आणि आठवडाभराने घट बसणार होते. माझी मावशी शहागडजवळच्या एका खेड्यात राहते. तिचा निरोप आला, "गोधड्या धुवायला काढल्यात, हाताला हात लागला तर बरं होईल. आणि नातीचं काहीतरी बिनसलंय, तेही बघून जा." म्हणून मी निघाले.

जालन्याच्या स्टँडवर उतरलात, की हे गाव कशावर जगते ते ध्यानात यायला वेळ लागत नाही. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. सरकी काढणारे जिनिंग कारखाने, लोखंडाच्या सळया ओढणारे कारखाने, आणि बियाण्यांची गोदामे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच सुरू केली, आणि जालन्याचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. 'जालना, सोने का पालना' असे म्हणतात ते उगीच नाही. जिल्हा मात्र वयाने लहान. १ मे १९८१ रोजी तो त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि परभणीकडचा परतूर भागही त्याला जोडला गेला.

एस.टी. अंबडच्या रस्त्याला लागली, की दोन्ही अंगांना काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि अधूनमधून मोसंबीच्या हिरव्यागार बागा. अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. मी गेले तेव्हा यात्रेला अवकाश होता. पण घराघरांच्या गच्चीवर, कुंपणावर, बाभळीच्या झुडपांवर गोधड्या आणि वाकळा वाळत पडलेल्या दिसत होत्या. पुढे वडीगोद्री आणि मग शहागड. जायकवाडीचा डावा कालवा मध्ये आडवा येतो. पैठणचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि कालव्याच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आला. शहागडला पूल ओलांडला, की पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जालना हा मुळात कोरडा मुलूख. वर्षाला पाऊस साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कोकणात हाच आकडा अडीच-तीन हजारांच्या घरात जातो. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, त्यांत जालना होता. इथल्या बाईला पाणी वाचवायचे बाळकडूच मिळालेले असते. एका हंड्यात भांडी, धुणे आणि जनावरांचे पिणे कसे भागवायचे, हे तिला कुणी शिकवायला नको.

पण ओलीशी कसे वागायचे, हे मात्र तिला कुणी शिकवलेले नसते. कोकणातल्या बाईला चार महिने ओलीबरोबरच काढायचे असतात, म्हणून ती आधीपासून तयारीत असते. आपल्याकडे दहा महिने खडखडीत ऊन. कपडा दोरीवर टाकला, की तासाभरात कडक. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात पाच-सहा दिवसांची झड लागली, सूर्य दिसेनासा झाला, की आपली फजिती होते. जुन्या माळवदाच्या घरांत पांढऱ्या मातीतून पाणी झिरपायचे. आता स्लॅबची घरे आली, पत्रे आले. पण झरोके गेले. स्लॅबचा कोपरा पाझरतो, पत्र्याला पहाटे घाम फुटतो, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी पेटीत लग्नातली साडी हळूहळू कुबट होत जाते. पेटी उघडली, की नाकाला जो वास येतो तो तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशीच्या घरी पोचले तर अंगणात गोधड्यांचा ढीग आणि घरात रुसलेली नात. पोर आठवीत. शाळा शहागडला, रोज जाऊन-येऊन. चार दिवस झाले, पोट दुखते म्हणून घरीच होती. औषध आणले, ओवा दिला, दृष्ट काढली. पोट काही राहीना. रात्री माझ्याशेजारी निजली तेव्हा हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या ड्रेसाचा वास येतो. बाकावरची पोरगी उठून दुसरीकडं बसली. सगळ्या हसल्या."

मी सकाळी तिचा गणवेश हातात घेतला. पांढरा कुर्ता, निळी ओढणी. दिसायला स्वच्छ. पण नाकाशी नेला तर तोच पेटीचा वास, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके. गणवेशाचा जोड एकच. झडीत तो एक दिवसाआड धुतला जायचा, आतल्या खोलीतल्या वलणीवर वाळायचा, आणि सकाळी थोडा दमट असतानाच अंगात चढायचा. वास आला म्हणून मावशीने जास्त साबण लावला. मग पावडर टाकली. मग उदबत्तीचा धूर दिला. वास दबायचा, आणि पोरीला घाम आला, की दुप्पट उठायचा.

त्या दिवशी आम्ही गोधड्या घेऊन नदीवर गेलो. पाणी ओसरून घाटाच्या खालच्या पायरीला लागले होते. सारा काठ बायकांनी भरला होता. धोपटण्याचे आवाज, पिळ्यांतून गळणारे पाणी, आणि खडकांवर, वाळूवर, काटवणावर पसरलेल्या रंगीबेरंगी वाकळा. घट बसण्याआधी घरातले झाडून सारे कापड धुवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याला आपण देवीचे सोवळे म्हणतो. पण नीट विचार करा. पावसाळा सरला, नदीत पाणी आहे, आणि ऊन नुकते कडक होऊ लागले आहे. चार महिन्यांची ओल घरातून बाहेर काढायला वर्षात याहून चांगला आठवडा दुसरा नाही. देवीच्या निमित्ताने आपल्या आज्यांनी बुरशी घालवायचा दिवसच ठरवून दिला होता.

काठावर एक परीट आजी बसल्या होत्या. आयुष्यभर गावाची धुणी केलेल्या. आता हात चालत नव्हते, पण नजर चालत होती. मावशीने त्यांच्यापुढे गणवेश धरला. आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "माय, साबणानं मळ जातो. हा मळ न्हाई. हे उगवलेलं हाय. उगवलेलं मारावं लागतं, मग धुवावं लागतं."

आजींचे बोलणे शास्त्राला धरून होते. बुरशी ही घाण नव्हे, तो जिवंत जीव आहे. तिचे बी हवेत सगळीकडे असते, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. बी आहे, ओल मिळाली, खायला मिळाले, की उगवण होते. कपडा दिवस-दोन दिवस दमट राहिला, की पुरे. खायला काय मिळते? सुती कापड हेच तिचे अन्न. त्यावर खळ असेल, घाम असेल, तेलाचा हात पुसलेला असेल, नीट न निघालेला साबण असेल, तर तिला पक्वान्नच. म्हणून जास्त साबण लावून मावशीने पोरीच्या कुर्त्याची बुरशी मारली नाही, उलट तिला खाऊ घातले. पावडरीचेही तेच.

आता त्या कुर्त्याचे आम्ही काय केले ते सांगते. तुमच्या घरी असा कपडा असेल, तर याच क्रमाने करा.

पहिली गोष्ट, कपडा घरात झटकू नका. बुरशीचे बी उडून बाकीच्या कपड्यांवर बसते, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. नाकाला पदर बांधा, कपडा अंगणात न्या, आधी उन्हात खडखडीत वाळू द्या, आणि मग कोरड्या ब्रशने वरची भुरी झाडून टाका. ओल्या बुरशीला घासले, तर ती धाग्यात आणखी मुरते.

दुसरी गोष्ट, एक बादली, म्हणजे साधारण दहा लिटर, कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून कपडा तासभर भिजत ठेवा. पांढरा सुती कपडा असेल तर हंड्यात घालून उकळला तरी चालतो. परिटाची भट्टी म्हणजे दुसरे काय होते? गरम पाणी आणि खार. रंगीत कपडा असेल तर आधी शिवणीच्या आत एक कोपरा भिजवून पाहा. रंग सुटत असेल तर पाणी कोमट ठेवा. रेशीम आणि लोकर यांना मात्र सोडा आणि उकळी दाखवू नका.

तिसरी गोष्ट, नेहमीसारखा साबण लावून धुवा आणि दोन पाण्यांतून काढा. साबण अंगात राहता कामा नये. शेवटच्या पाण्यात एका लिंबाचा गाळलेला रस, नाही तर वाटीभर पांढरा शिरका टाकून कपडा अर्धा तास ठेवा, म्हणजे कुबटपणा जातो. तोही नसेल तर या पाण्यात खायच्या सोड्याची अर्धी वाटी टाका. मात्र आंबट आणि सोडा एकत्र टाकू नका. एकमेकांचा गुण मारतात.

ठिपके राहिले असतील तर त्यांवर लिंबू आणि मीठ चोळून कपडा तसाच उन्हात ठेवा, सुकला की पुन्हा धुवा. मावशीच्या जावेने घरची मोसंबी पुढे केली. जालन्याची मोसंबी खायला उत्तम, पण या कामाला नाही. तिच्यात आंबटपणा थोडा आणि साखर जास्त. ती साखर कपड्यात राहिली तर बुरशीला जेवणच होईल. इथे लिंबूच पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, ऊन. कपडा उलटा करून, शिवणी आणि खिसे वर येतील असा टाका. दुपारपर्यंत ऊन आणि वारा लागू द्या. मग गरम इस्त्री फिरवा. उन्हात दोन गुण आहेत. ते ओल नेते, आणि बुरशीला मारते. पैसे पडत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात त्याची टंचाई नाही.

पांढऱ्या सुती कपड्यांना ब्लीच वापरायचे असेल, तर दहा लिटर पाण्यात अर्धा कप पातळ ब्लीच, आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. हात लगेच धुवा. आणि हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा: ब्लीचमध्ये लिंबू, शिरका किंवा संडास धुवायचे पाणी कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकते. ब्लीच रेशमाला, लोकरीला आणि रंगीत कपड्याला लावू नये. ते पाणी नदीत किंवा आडाजवळ ओतू नये.

संध्याकाळी कुर्ता घडी करायला घेतला तर वास पूर्ण गेला होता. ठिपके मात्र फिकट होऊन राहिले. पोर हिरमुसली. आजींचे उत्तर मला आवडले. त्या म्हणाल्या, "वास गेला म्हंजे जीव गेला. डाग ऱ्हायला तो वण हाय. वणानं कुणी मरत न्हाई." जुनी बुरशी धागा खाते आणि आपला रंग त्यात सोडते, तो डाग कधी कधी जातच नाही. डाग घालवायच्या हट्टाने कपडा घासून फाडू नका. वास नाही आणि कपडा कोरडा आहे, तर तो स्वच्छ आहे. कॉलरच्या आतला वण बाहेरून दिसतही नव्हता.

गोधड्यांचे काम याहून अवघड. गोधडी म्हणजे सात-आठ पदर. वरून वाळलेली वाटते, आत ओल राहते. आकाश स्वच्छ असेल त्याच दिवशी, आणि सकाळी लवकर धुवा. दर दोन तासांनी पालटा. पहिल्या दिवशी मावळतीला घरात घ्या, पण घडी करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाका. वाळली की नाही हे हाताने कळत नाही. मावशीची रीत सोपी आहे. उन्हातून आणून सावलीत थंड होऊ द्यायची आणि गालाला लावायची. गाल गार पडला तर आत ओल आहे. घोंगडीला मात्र गरम पाणी दाखवू नका. ती उन्हात झटका, आणि धुवायचीच असेल तर थंड पाण्यात रिठा पुरे.

पैठणी, शालू किंवा जरीची साडी असेल तर तिला पाणीच लावू नका. कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर टाका, मऊ सुती फडक्याने भुरी हलकेच टिपा, आणि जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका, जर काळी पडते.

गोळ्यांचा विषय निघालाच म्हणून सांगते. डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला हे कसरीवरचे उपाय. ओलीवर त्यांचा इलाज चालत नाही. त्यातही आपण हिरवा पाला पेटीत टाकतो, म्हणजे ओल आपल्या हाताने आत नेतो. पाला टाकायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नका. काही बाळांचे रक्त त्याने बिघडते आणि कावीळ होते.

पेटीची व्यवस्था अशी करा. वर्षातून दोनदा पेटी रिकामी करून झाकण उघडून दिवसभर उन्हात ठेवा. खाली चार विटा द्या. भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. ठासून भरू नका. खळ दिलेली साडी किंवा धोतर पावसाळ्याआधी धुऊन खळ काढून मगच ठेवा. कापडी पुरचुंडीत लाकडी कोळसा बांधून कोपऱ्यात ठेवला तर वास धरून ठेवतो. कोळसा अधूनमधून उन्हात तापवून पुन्हा वापरता येतो.

रात्री जेवताना मी हे सारे बोलत होते, तेव्हा काका ऐकत होते. ते म्हणाले, "हे तर कापसाचंच गणित हाय. ओला कापूस घरात रचला तर आतून तापतो, पिवळा पडतो, मग व्यापारी त्याला कवडी म्हणून बाजूला टाकतो." अगदी खरे. भारतीय कापूस महामंडळ आधारभूत किमतीने कापूस घेते तेव्हा ८ टक्के ओल प्रमाण धरते, आणि १२ टक्क्यांच्या वर ओल असेल तर कापूस घेत नाही. वेचणीचा कापूस आपण दोन दिवस ऊन दाखवून मगच रचतो. बियाणे तर दाताखाली चावून कट्ट आवाज आल्याशिवाय कणगीत घालत नाही. मावशी लगेच म्हणाली, "मग कापसाला दोन दिवस ऊन, आणि पोरीचा ड्रेस कामून ओला घडी घालता?" काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन ते गणवेशाचा दुसरा जोड घेऊन आले, आणि पडवीत वाऱ्याच्या तोंडी एक जास्तीची दोरी बांधली.

त्या दोरीने निम्मे काम केले. झडीत ऊन नसते, पण वारा असतो. कपडे जोरात पिळा, कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळा, आणि दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून वाऱ्याच्या वाटेत टाका. रोज थोडे थोडे धुवा. आठवड्याचे एकदम धुऊन बंद खोलीत टांगले, तर सारी ओल भिंती पितात. शेतातून भिजून आल्यावर कपड्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. धुवायला वेळ नसेल तर निदान पसरून टाका.

झडीचे एक वेळ निभते, पुराचे काम निराळे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदाकाठच्या गावांतून पाणी शिरले. अशा वेळी कपड्यांचे गाठोडे बांधून ठेवू नका. साबण लावण्याआधी साध्या थंड पाण्यात सारा गाळ काढा, मग गरम पाणी आणि सोडा. ऊन मिळेपर्यंत कपडे निदान दोरीवर मोकळे ठेवा.

आता दोन गोष्टी जरा लाजेच्या, पण सांगितल्याच पाहिजेत. पावसाळ्यात घरोघर गजकर्ण उठते. पेटीतली बुरशी वेगळी आणि गजकर्णाची वेगळी, पण दोघींना ओल प्यारी. एकाचा पंचा दुसऱ्याने वापरला, आतले कपडे दमट घातले, की ते घरभर फिरते. ज्याला झाले असेल त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. मनाने मलमे न लावता डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट बायकांची. पाळीच्या दिवसांतले कापड आपण लपवतो. पेटीमागे, पलंगाखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड वाळवतो. तिथे ना ऊन, ना वारा. घरातले सर्वांत जास्त उन्हाची गरज असलेले कापड आपण सर्वांत अंधारात ठेवतो, आणि मग खाज, जळजळ सोसत बसतो. आयांनो, आपल्या लेकींना हे कापड उघड्या उन्हात टाकायला शिकवा. वाटल्यास परसात आडोसा करून घ्या, पण वर आभाळ मोकळे असू द्या. कारभाऱ्यांनी तो आडोसा बांधून दिला तर त्यात कमीपणा नाही.

सोमवारी सकाळी नात शाळेला निघाली. निघताना तिने बाही नाकाशी नेऊन पाहिली, कुणाला दिसणार नाही अशी. मग दप्तर उचलून एस.टी.च्या थांब्याकडे गेली. पोटदुखीचे नाव पुन्हा निघाले नाही. मुलींची शाळा का सुटते, याची मोठमोठी कारणे आपण ऐकतो. कधी कधी कारण एका कुर्त्याच्या कॉलरएवढे असते. ते ती कुणाला सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

घट बसले त्या दिवशी मी तिथेच होते. मावशीने पत्रावळीवर काळी माती पसरली, पाच-सात धान्ये पेरली, मधोमध पाण्याचा कलश ठेवला. दोन-तीन दिवसांत कोंब वर आले. शेजारी धुतलेल्या वाकळांची चळत होती, आणि तिला उन्हाचा वास येत होता. मावशी घटाला पाणी घालता घालता म्हणाली, "ओल हितं पाहिजे, पेटीत नगं."

तुमच्याकडेही घट बसायच्या आधी चार दिवस ऊन पडेलच. त्या दिवसांत पेटी बाहेर काढा, झाकण उघडा, आणि घरातल्या शाळकरी लेकराचा गणवेश एकदा नाकाशी नेऊन पाहा.